चाल कोणाची?

दिवाळीला भाचा पुण्याहून कोरपन्यात आला, की आमच्या घरचा चहा आणि विजेचं बिल दोन्ही वाढतं. तो संगणकावरचे खेळ तयार करतो. ‘मामा, तुम्ही खेळून पाहा. तुम्हाला कळला तर सगळ्यांना कळेल,’ म्हणत त्याने यंदा नवा खेळ माझ्यापुढे ठेवला.

खेळ हॅकिंगचा. पडद्यावर एक जाळं. प्रत्येक गाठ म्हणजे एक संगणक. कुलपं उघडत शेवटच्या गाठीपर्यंत पोचायचं, पहारेकऱ्यांच्या हाती लागायचं नाही. एक चाल माझी, एक त्यांची. मधे मी कापसाचा भाव विचारून आलो, तरी पहारेकरी जागचा हलायचा नाही. मला हा सभ्यपणा फार आवडला.

‘पण मित्रांना तो संथ वाटतो,’ भाचा म्हणाला. ‘आता रिअल टाइमची सोय करतोय. तुम्ही थांबलात तरी पहारेकरी थांबणार नाही.’

हे करतात कसं? त्याने ‘डायब्लो’ या प्रसिद्ध खेळाची हकीकत सांगितली. हा खेळ आधी चालीमागून चाल असाच होता. त्याचा कर्ता डेव्हिड ब्रेव्हिक बदलाच्या विरोधात होता. पण सहकाऱ्यांचं मत पडलं, आणि त्याने काही तासांतच बदल करून पाहिला. युक्ती साधी. चाली तशाच ठेवायच्या, फक्त सेकंदाला २० करायच्या. खेळाडूला त्या चाली दिसतच नाहीत. सगळं सलग धावताना दिसतं.

भाच्यानेही तेच केलं. दुपारी मी खेळायला बसलो आणि सूचना वाचून होण्याआधीच पकडला गेलो. पुन्हा बसलो, पुन्हा तेच. खेळ चालू झाला होता, पण त्यातला विचार संपला होता. उरली होती नुसती बोटांची धावपळ.

तेव्हा, का कोण जाणे, वर्षभर मनात दडवलेली गोष्ट मी त्याला सांगून टाकली. गेल्या वर्षी मला फोन आला होता. ‘बँकेतून बोलतोय. दहा मिनिटांत तुमचं खातं बंद होईल. फोन ठेवू नका.’ मागून कोणी ओरडत होतं, मोबाइलवर आकडे येत होते, आणि मी ते वाचून दाखवत गेलो. सोयाबीनचे १८,००० रुपये गेले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, ‘काहून एवढी घाई रे?’ मी तिलाच गप्प केलं. लाजेपायी १९३० या मदत क्रमांकावर कळवलं तेही तीन दिवसांनी. अशा वेळी पहिले काही तासच मोलाचे असतात, हे नंतर समजलं.

त्या माणसाने एकही कुलूप तोडलं नव्हतं. त्याने फक्त माझी चाल काढून घेतली होती.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘घाईतही विचार करता येतो मामा, पण त्याची सवय लागते.’ त्याने आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण दिलं. २०२५च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीबरोबरचे तिचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो कमी वेळाच्या जलद डावांत. पट तोच, सोंगट्या त्याच. बदललं होतं फक्त घड्याळ.

रात्री तो पुन्हा कामाला बसला. पहारेकऱ्यांची चाल मंदावली, लांबलचक सूचनांच्या जागी खुणा आल्या, पहारेकरी जवळ आला की घंटा वाजू लागली. आणि स्पेसबार दाबला की सगळं थबकायचं. जाळं न्याहाळायचं, ठरवायचं, मग पुढे. सकाळी मी शेवटच्या गाठीपर्यंत पोचलो. आई बाजूला बसून बघत होती.

भाचा परत गेला. गेल्या आठवड्यात पुन्हा तसलाच फोन आला. दहा मिनिटं, खातं बंद, फोन ठेवू नका. मी फोन ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. मग दोघं ओट्यावर बसून राहिलो.

दहा मिनिटं झाली. खातं चालूच होतं. चहा तेवढा गार झाला.