छापा, काटा की नुसताच फटका?

चिलीच्या टांकसाळीने २००८च्या ५० पेसोच्या नाण्यांवर चक्क स्वतःच्या देशाचं स्पेलिंग चुकवलं. 'एल'च्या जागी 'आय'! बभ्रा झाला, टांकसाळीच्या प्रमुखाची नोकरी गेली आणि संग्राहकांची मात्र चंगळ झाली. नाण्यांच्या दुनियेत चूकही भाव खाते, बरं का! अट एकच: ती टांकसाळीतच झालेली हवी. बाहेर पडल्यावर खाल्लेला मार म्हणजे निव्वळ डॅमेज. ओळखायचं कसं? उचला भिंग!

उठाव की चर?
माहीत आहे का, ठशाला तडा गेला की नाण्यावर खाच पडत नाही, उलट रेघ वर येते? दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो ना! हा 'डाय क्रॅक', एकदम अस्सल. खिळ्याने ओरखडलं तर मात्र चर पडते आणि उचकटलेला धातू तिच्या काठांवर साचतो. पहिलं नाणं अल्बममध्ये, दुसरं भाजीवाल्याकडे!

कुणी घास घेतला?
पुरीसाठी लाटलेल्या पोळीवर वाटी जरा आधीच्या भोकावर सरकली की पुरी अर्धचंद्र खाऊन येते. पट्टीतून धातूच्या चकत्या कापताना हेच झालं की मिळतं 'क्लिप' नाणं. पण घास तर कानशीनेही घेता येतो! मग बरोबर समोरची कड बघा. अस्सल क्लिपमध्ये ती बहुतेकदा पुसट असते, कारण कड उठवणाऱ्या यंत्रात तिथे पुरेसा दाबच बसत नाही. नाव लक्षात ठेवा आणि मित्रांवर इम्प्रेशन मारा: ब्लेकस्ली इफेक्ट.

आरशातला सिंह
पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं तर? पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छाप! हे 'ब्रॉकेज'. म्हणजे एका बाजूला सिंह सरळ, दुसऱ्या बाजूला तोच सिंह आरशातला. नकलाकार दोन नाणी व्हाइसमध्ये दाबतात, पण चेपलेलं मूळ डिझाइन खालून डोकावतं आणि चोरी पकडली जाते.

तीन पायांचा बायसन
१९३७, अमेरिकेची डेन्व्हर टांकसाळ. ठसा घासताना हात जरा जास्तच चालला आणि ५ सेंटवरच्या बायसनचा पुढचा एक पाय गुल! मग काय, चलाख मंडळी साध्या नाण्यांवरचा पाय खरवडू लागली. पण खऱ्या नाण्यावर बायसनच्या पोटाखालून जमिनीपर्यंत उठावदार ठिपक्यांची धार दिसते. तो काय करतोय, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

चुंबक हवालदार
१९४३मध्ये तांबं युद्धाकडे वळलं, म्हणून अमेरिकेने जस्त चढवलेले पोलादी सेंट काढले. कांस्याच्या काही उरल्यासुरल्या चकत्या मात्र यंत्रात घुसल्या आणि आज त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा! नकली माल कसा बनतो? पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा. चुंबक लावा. चिकटला? खेळ खल्लास!

छापा पटेना? काटा विचारा!
म्हणजे वजनकाटा. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, सुमारे ७.७ ग्रॅमचं. तुमचं नाणं चहूबाजूंनी बारीक, हलकं आणि अक्षरं विरघळल्यासारखी? अभिनंदन, कुणीतरी त्याला ॲसिडची आंघोळ घातलीय.

एरर नाही हो!
दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्हच नाही? घाबरू नका. चिन्ह २०१०मध्ये ठरलं, नाण्यांवर २०११पासून आलं. दहाच्या नाण्याची तोवरची १४ डिझाइन्स चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८मध्ये सांगूनही टाकलं. आणि सालाखालचा तो इवलासा हिरा? डाग नव्हे, मुंबई टांकसाळीची खूण!

शेवटची टीप
'तुमच्या नाण्याला लाखो मिळतील, आधी कमिशन भरा' असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन आला तर? बँकेने २०२१मध्येच बजावलंय की अशा व्यवहारांत ती नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. तुमचं नाणं अस्सल असेलही. फोनवाला मात्र शंभर टक्के खोटं नाणं!