संडासला लागलं तरी दाबून ठेवताय? पोटात काय होतं ते वाचा

ऊसतोडीला पहाटे निघालेली बाई असो, रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला गेलेला शेतकरी असो, लागलं तरी 'घरी गेल्यावर बघू' म्हणून दाबून धरलं जातं. काही बायका तर जावंच लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी पितात. पोट साफ न होण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

अन्नातलं सत्त्व लहान आतड्यात शोषलं जातं. उरलेला पातळ चोथा साधारण ५ फूट लांबीच्या मोठ्या आतड्यात येतो. तिथं तो एक-दोन दिवस हळूहळू पुढं सरकतो आणि शरीर त्यातलं पाणी ओढून घेतं. तरीही मऊ मळात सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असतं.

मळ गुदाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते आणि आपल्याला लागतं. दाराशी वळ्यासारखे दोन स्नायू असतात. आतला आपोआप सैल होतो, बाहेरचा आपल्या ताब्यात. तो आवळून धरला की थोड्या वेळानं लागलेलं निघून जातं, पण मळ आतच राहतो. त्यातलं पाणी आणखी आटतं, खडा होतो, मग कुंथावं लागतं. मूळव्याध आणि गुदद्वाराला चीर पडण्याचं हे मोठं कारण. रोजच दाबलं तर लागल्याची जाणीवही कमी होत जाते.

पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, म्हणून चहानंतर लागतं. तंबाखू-मिश्रीशिवाय होतच नाही म्हणणारे गावोगावी आहेत. निकोटिननं आतडं हलतं हे खरं, पण त्यासाठी तोंडाचा कॅन्सर कशाला ओढवून घ्यायचा? चहानंतर ठरलेल्या वेळी बसायची सवय लावावी. उकिडवं बसल्यावर वाट सरळ होते. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा. भाकरी, पालेभाजी, कडधान्यं खावीत. इसबगोल घेतलं तर पाणी भरपूर प्यावं, नाहीतर उलटंच होतं.

रक्त पडलं की सगळे मूळव्याधच धरून चालतात आणि जडीबुटीवाला गाठतात. आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त पडतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावं. डांबरासारखा काळा, चिकट मळ हे जठरातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळसर होतो, त्या मनानं बंद करू नयेत. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नसेल तर एरंडेल पाजत बसू नये, तडक दवाखान्यात न्यावं.