वाशीमचा पाऊस, दोन समुद्रांचा चिखल

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथल्या पठारावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वाशीम तालुक्यात काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी वाट धरून बंगालच्या उपसागराकडे जाते.

या पाण्याबरोबर कार्बनही जातो.

पाऊस हवेतला आणि मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड उचलतो. त्यामुळे किंचित आम्ल झालेले पाणी काळा बेसाल्ट हळूहळू झिजवते. या झिजेत त्या वायूचे बायकार्बोनेट होते आणि ते कॅल्शियम, मॅग्नेशियमसह नदीला लागते. वऱ्हाडात विहिरीचे जड पाणी उकळले की भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, तो याच क्षारांचा. बेसाल्ट इतर अनेक खडकांपेक्षा लवकर झिजतो, म्हणून दख्खनच्या नद्यांकडे भूरसायनशास्त्रज्ञांचे विशेष लक्ष असते.

नदीच्या मुखाशी हा कार्बन चिखलाच्या तावडीत सापडतो. ओहोटी लागली की सपाट चिखलपट्टा उघडा पडतो आणि त्यावर सोनेरी-तपकिरी साय धरल्यासारखी दिसते. ती डायटम या सूक्ष्म शेवाळांची. ऊन मिळताच ती कार्बन डायऑक्साइड शोषतात. बोटभर खाली मात्र चिखल काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. तिथे प्राणवायू नसल्याने जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून सेंद्रिय गाळ कुजवतात. त्यातून बायकार्बोनेट तयार होते, ते भरती-ओहोटीबरोबर बाहेर पडते आणि किनाऱ्याच्या पाण्याची क्षारता वाढवते. अशा पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक सामावतो.

नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचा वाडेन समुद्र म्हणजे असाच अफाट चिखलपट्टा. तिथल्या चिखलातून येणारी क्षारता उत्तर समुद्राला कार्बन शोषायला मदत करते, असे हेल्मुथ थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले. उन्हाळ्यात जिवाणूंचे काम वाढते, म्हणून तिथे ऋतूप्रमाणे पाण्याचे रसायन बदलते.

आपल्याकडे ऋतूची सूत्रे पावसाळ्याच्या हाती. गोदावरीच्या मुखाचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या २०११ च्या निष्कर्षांनुसार पुराच्या दिवसांत खाडीतून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड प्रचंड वाढतो, कोरड्या महिन्यांत तो खूप कमी असतो. नदीने आणलेला पालापाचोळा आणि माती कुजण्याचा हा परिणाम.

आता प्रश्न गाळाचा आहे. सल्फेटपासून सुटलेले सल्फाइड लोहाशी बांधले जाऊन चिखलात गाडले गेले, तरच निर्माण झालेली क्षारता टिकते, आणि दख्खनच्या काळ्या गाळात लोह भरपूर असते. पण पैनगंगेवरचे इसापूर, तापीवरचे उकाई अशी धरणे तो गाळ अडवतात. गोदावरीतून समुद्राला मिळणारा गाळ गेल्या काही दशकांत बराच घटला आहे. केंद्रीय जल आयोग नद्यांचा प्रवाह आणि पाण्याची गुणवत्ता मोजतो, समुद्रवैज्ञानिक मुखाशी कार्बन मोजतात. या दोन्ही नोंदी ऋतूनुसार एकत्र मांडल्या, तर वऱ्हाडातल्या झिजेचा आणि किनाऱ्यावरच्या चिखलाचा हिशेब एकाच वहीत येईल, आणि धरणांचे नियोजन करताना खाली न पोहोचणाऱ्या गाळाची किंमतही धरता येईल.