बल्ब चहाडी करतो, हो!

फेकलेला स्मार्ट बल्ब तुमच्या घरची चहाडी करू शकतो, माहीत आहे का? २०१९ मध्ये एका हॅकरने लिफएक्स कंपनीचा छोटा बल्ब करवतीने कापला, आतल्या चिपला वायरी जोडल्या आणि मेमरी वाचून काढली. वायफायचा पासवर्ड आत उघडानागडा पडलेला!

मग सगळं एन्क्रिप्ट करून टाका की! थांबा. कुलूप लावायला वेळ लागतो आणि बॅटरीही. महागड्या फोनमध्ये ‘एईएस’ कुलपासाठी खास सर्किट असतं. स्वस्त चिपला अनेकदा ती चैन परवडत नाही.

त्यावर गूगलने २०१९ मध्येच काढलेला तोडगा म्हणजे ‘अडियँटम’. कॉर्टेक्स-ए७ या साध्या प्रोसेसरवर तो एईएसच्या सुमारे पाचपट वेगाने डेटा उलगडतो. नाव एका नेच्याचं, सह्याद्रीत ओल्या कातळावर डोलणाऱ्या हंसराजाच्या कुळातलं. झकास!

आणखी चिमुकलं हवंय? अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने छोट्या यंत्रांसाठी कुलपांची स्पर्धाच लावली. ५७ प्रवेशिका आल्या आणि २०२३ मध्ये ‘ॲस्कॉन’ जिंकला. काम चालू असताना त्याची आतली स्थिती मावते फक्त ४० बाइटमध्ये. ४० बाइट म्हणजे किती? फोनवर ‘साबुदाणा खिचडी’ टाइप करा. यूटीएफ-८ मध्ये बरोब्बर ४० बाइट!

आता धक्का. कुलूप चिमुकलं मिळालं, पण फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते, माहीत आहे का? टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांच्या स्क्रीनमागे ८ जीबीची फ्लॅश चिप होती. पुसून पुन्हा लिहिण्याची तिची क्षमता साधारण ३,००० वेळा. गाडी सतत काही ना काही लिहीत राहिली आणि पाच-सहा वर्षांत चिप थकायला लागली. स्क्रीन गेली, तिच्यासोबत रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्रही. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या रिकॉल! सुरक्षेसाठी प्रत्येक हालचालीची नोंद ठेवायची, तर चिपचं आयुष्यही मोजायलाच हवं.

म्हणून हुशार इंजिनिअर नोंदी आधी रॅममध्ये गोळा करतात आणि मग एकगठ्ठा फ्लॅशवर उतरवतात. चिप वाचते, वेगही मिळतो. पण मधेच वीज गेली की रॅम कोरी!

हाच विसरभोळेपणा एकदा कामी आला. २०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज करून ट्विटर, नेटफ्लिक्सला फेस आणला. तो राहायचा फक्त रॅममध्ये. प्लग काढा, मिराय गायब! फॅक्टरीचा पासवर्ड मात्र लगेच बदला, नाहीतर स्वारी काही मिनिटांत परत हजर.