नॅव्हाहो सृष्टिकथांतील प्रतीके

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील नॅव्हाहो (स्वभाषेत ‘दिने’, म्हणजे लोक) जमातीच्या उत्पत्तिविषयक पुराणकथांतील प्रतीकव्यवस्था. ह्या कथा मौखिक परंपरेने चालत आल्या असून वॉशिंग्टन मॅथ्यूझ ह्या लष्करी वैद्याने केलेला त्यांचा संग्रह १८९७ मध्ये नॅव्हाहो लेजंड्स ह्या नावाने प्रसिद्ध झाला. तपशील कथनकर्त्यानुसार बदलतात. कोणी चार भुवने मानतो, कोणी पाच. त्यांतील कित्येक कथा केवळ हिवाळ्यातच सांगावयाच्या असा संकेत आहे.

एकाच देवाने शून्यातून जग निर्माण केले, अशी ह्या कथांची धारणा नाही. आदिजीव एकावर एक असलेल्या भुवनांतून वर चढत येतात. ही भुवने सामान्यतः काळे, निळे, पिवळे अशा क्रमाने सांगितली जातात. अखेरीस कॉयोटी (अमेरिकेतील कोल्ह्यासारखा प्राणी) जलदैत्याचे अपत्य पळवितो, महापूर येतो आणि सर्व जीव पोकळ बोरूतून वरच्या जगात येतात. ह्या आरोहणात काही अभ्यासकांना मानवी जन्माचे रूपक दिसते. ते सयुक्तिक असले, तरी अपुरे आहे. प्रत्येक भुवन सोडावे लागते ते बहुधा कलह, व्यभिचार वा चोरी ह्यांमुळे. म्हणजे आचार बिघडला, की राहण्याची जागाच नष्ट होते, हा कथेचा खरा आशय होय.

वर आल्यावर आदिपुरुष व आदिस्त्री चार दिशांना चार पर्वत स्थापन करतात. पूर्वेचा ब्लँका पीक विजेने जखडलेला व श्वेत शंखाने मढविलेला. दक्षिणेचा मौंट टेलर दगडी सुरीने रोवलेला व पिरोजाचा. पश्चिमेची सॅन फ्रॅन्सिस्को शिखरे सूर्यकिरणाने बांधलेली व ॲबलोनी शिंपल्याची. उत्तरेचा हेस्पेरस इंद्रधनुष्याने बांधलेला व जेट ह्या काळ्या खनिजाचा. पांढरा, निळा, पिवळा व काळा हे दिग्वर्ण पहाट, दिवस, संध्याकाळ व रात्र ह्यांचेही असल्याने दिशा व काळ एकाच व्यवस्थेत गुंफले जातात. होगान ह्या पारंपरिक घराचे दारही पूर्वेकडे असते.

कथेतील सर्वांत पूज्य व्यक्ती म्हणजे परिवर्तनशील स्त्री. ती ऋतूंप्रमाणे वृद्ध होते व पुन्हा तरुण होते. तिच्या त्वचेपासून आद्य कुळे निर्माण झाली, असे मानतात. मुलींचा ‘किनाल्दा’ हा वयात येण्याचा विधी तिच्यासाठी प्रथम झालेल्या विधीची पुनरावृत्ती असतो. तिचे जुळे पुत्र आपला पिता सूर्य ह्याच्याकडून शस्त्रे मिळवून माणसांना खाणाऱ्या दैत्यांचा वध करतात. मात्र वार्धक्य, थंडी, दारिद्र्य व भूक ह्यांना जीवदान मिळते. वार्धक्य म्हणते, मी नसेन तर मुले मोठी होऊन वडिलांची जागा घेणार नाहीत. थंडी म्हणते, माझ्याविना झरे आटतील. दारिद्र्य म्हणते, कपडे जीर्ण झाले नाहीत तर नवे कोण करील. आणि भूक म्हणते, माझ्याविना अन्नाची गोडीच जाईल. दुरिताचा समूळ नाश न करता त्याला जगात मर्यादित स्थान देणारा हा प्रसंग सर्व कथाचक्रात विशेष मार्मिक होय.

ह्या सर्वांमागे ‘होझो’ ही कल्पना आहे. सौंदर्य, सुसंवाद, आरोग्य व समतोल असे तिचे अर्थ असून कोणताही एक मराठी शब्द त्याला पुरत नाही. आजार म्हणजे होझोचा भंग. अशा वेळी गायक-वैद्य सृष्टिकथेवर आधारलेली गीते म्हणतो. काही विधींत तो रांगोळीप्रमाणे बोटांतून रंगीत पूड सोडून भूमीवर वालुकाचित्र काढतो. रुग्णाला त्यावर बसवितात आणि विधीनंतर ते पुसून टाकतात. चित्र जपून ठेवण्यासाठी नसते. मूळची व्यवस्था रुग्णाच्या देहात पुन्हा स्थापन करणे, हे त्याचे कार्य असते. म्हणून येथील प्रतीक केवळ सूचक नसून कृतिशील असते.

पर्वतांविषयीची ही भावना इतिहासातही प्रकट झाली. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नॅव्हाहोंना बॉस्क रेडोंडो येथे पायी नेऊन डांबले. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या पर्वतांच्या प्रदेशात परतले. पुढे सॅन फ्रॅन्सिस्को शिखरांवरील स्कीइंगसाठी शुद्धीकृत सांडपाण्यापासून बर्फ तयार करण्याच्या योजनेला नॅव्हाहो व इतर जमातींनी न्यायालयात विरोध केला. त्यांच्या मते पर्वत हा सजीव असून विधींसाठी तेथून आणलेल्या वनस्पती व माती ह्यामुळे दूषित होणार होत्या. अपील न्यायालयाने २००८ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. श्रद्धेवर मोठा भार पडतो हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि २०१२ मध्ये त्या पाण्याचे बर्फ शिखरांवर पसरू लागले.