जीपगाडी किती उंचवावी? काही समजुती आणि वस्तुस्थिती

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्र कंपनीची ‘थार’ तयार होते, इगतपुरीस त्याच कंपनीने बिकट वाटांवर गाडी हाकण्याचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली आहे, आणि मृगाच्या सरी कोसळू लागल्या की त्र्यंबक, घोटी, पेठ या बाजूंच्या चिखलवाटांवर चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. तेव्हा नाशिककरांस या वाहनाचे अगत्य वाटावे हे स्वाभाविकच होय. यांतील पुष्कळ गाड्या मूळ उंचीपेक्षा चार-सहा बोटे वर उचललेल्या दिसतात, आणि गाडी जितकी उंच तितकी ती समर्थ, अशी एक समजूत हौशी मंडळींत इतकी रूढ झाली आहे की नवी गाडी दारात आल्याबरोबर मालक पहिली चौकशी लिफ्ट किटची करतो.

या समजुतीतील पहिला दोष असा की, उंची नेमकी कशाची वाढते याचा विचारच तीत नाही. स्प्रिंगाखाली स्पेसर घातले किंवा लांब स्प्रिंगा बसविल्या म्हणजे सांगाडा आणि त्यावरील सगळा भार, म्हणजे इंजिन, टप आणि माणसे, वर जातात. मागचा अखंड एक्सल व त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा फुगीर गोळा मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. निफाड-सिन्नरकडील काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडल्या असता गाडी अडते ती बहुधा या गोळ्यावर, आणि त्यास वर उचलण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठा टायर. तेथेही हिशेब निम्म्याने होतो: २४५/७५ आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४, व्यासात तीस मिलिमीटरांची भर, एक्सलच्या पदरात अवघे पंधरा. शिवाय स्पीडोमीटरचा काटा ८० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वेगाने धावत असेल, हे वेगळेच. लिफ्टचा लाभ मुळीच नाही असे मात्र नव्हे. बांध चढताना बंपर मातीत रुतू नये, उंचवटा ओलांडताना पोट घासू नये, यासाठी तिचा उपयोग होतो. परंतु पुढून ४१.८ अंश, पोटाखाली २७ अंश आणि मागून ३६.८ अंश इतके कोन २०२० च्या थारमध्ये कारखान्यानेच दिलेले असल्यामुळे, आपल्या जिल्ह्यातील किती वाटांना याहून अधिक लागते हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

लिफ्टमुळे चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, ही दुसरी समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. शॉक ॲब्सॉर्बर मूळच्याच लांबीचा ठेवून केवळ स्पेसर घातला तर त्याची खाली उतरण्याची मुभा स्पेसरनेच खाऊन टाकलेली असते, आणि चाक लौकरच अधांतरी लोंबते. पाट्यांच्या जुन्या गाड्यांत, जिप्सीसारख्या, लांब शॅकल लावण्याची वहिवाट आहे; त्यात शॅकल दोन इंचांनी वाढविली तर गाडी एकच इंच उचलली जाते, आणि एक्सल किंचित फिरल्याने स्टिअरिंगचा किंवा प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो तो वेगळा.

आता उलटण्याचा प्रश्न, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटर उंच अशी एखादी गाडी उदाहरणादाखल घेतली, तर भूमितीच्या हिशेबाने ती स्थिर असता सुमारे ४७ अंशांच्या आडव्या कलापर्यंत उभी राहील. गुरुत्वमध्य ७५० वर गेला की मर्यादा ४५ अंशांवर येते, ८०० वर गेला की ४३ वर. दोन-दोन अंशांची ही घट क्षुल्लक भासते खरी, परंतु हा हिशेब कागदावरील ताठ गाडीचा आहे. प्रत्यक्षात उताराच्या बाजूच्या स्प्रिंगा व टायर दबतात, टपावरील कॅरिअरवर डिझेलचे कॅन आणि जादा टायर बांधलेले असतात, एखादे चाक दगडावर चढून क्षणार्धात आणखी पाच अंशांची भर घालते. आणि कसारा घाटाच्या वळणावर तर कलाऐवजी वेगच गाडीस बाहेर ढकलीत असतो. गाडी घेऊन रानात जाणारे सर्व गृहस्थ परततात डांबरी रस्त्यानेच, आणि लिफ्टची खरी किंमत तेथे मोजावी लागते.

मग सुरक्षित उंची किती? पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीस, थारही त्यांतच आली, सुमारे दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर ही मर्यादा व्यवहारात मानली जाते, आणि माझ्या मते ती योग्य आहे. त्यापलीकडे पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टांचे जॉइंट फार तिरपे चालून लौकर झिजतात. दोन्हीकडे अखंड एक्सल असलेल्या जिप्सीस किंवा जिम्नीस थोडी अधिक उंची सोसते. परंतु तेथे कॅस्टरचा कोन कमी होऊन स्टिअरिंग वेगात थरथरू लागते, आणि ते सावरण्यास निराळे सुटे भाग लागतात. दोन इंचांतही ब्रेकचा होज चाक पूर्ण लोंबले असता ताणला जात नाही ना, हे पाहणे, चाकांचे अलाइनमेंट करून घेणे आणि दिव्यांचा झोत खाली आणणे अपरिहार्य आहे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरविणारी झडप असते. गाडी उंचावली की ती गाडी रिकामी आहे असे समजून मागचा दाब कमी करते, ही गोष्ट गॅरेजवाल्यासही पुष्कळदा ठाऊक नसते.

उंच गाडी ओढ्यातून निर्धास्त जाते, या समजुतीस एवढेच उत्तर पुरे की एक्सल आणि त्याचा श्वासमार्ग जेथल्या तेथेच असतो, आणि वाहत्या पाण्याचा जोर लिफ्टला जुमानीत नाही.

राहता राहिला कायदा. किट उघड बाजारात मिळते, सबब ते बसविण्यास हरकत नसावी, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीची तफावत पडेल असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ बेकायदा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगते. अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती हेच कलम पडले तर भरपाईचा दावा नाकारण्यास तिला आयते निमित्त मिळते.

म्हणून स्पेसरवर पैसे घालविण्यापूर्वी वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा: चिखलात शिरण्याआधी टायरातील तीस-बत्तीस पौंड हवा अठरा-वीस पौंडांवर आणावी, चढ लो गिअरमध्ये संथपणे चढावा, आणि डांबरावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी.