घराची भुई

आपल्या जळगाव-धुळ्याकडे पुष्कळ रान काळे. कापसाला ही माती सोनं. पण घराच्या भुईला ती कामाची नाही. पाण्याने ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मग भेगा पडतात. भेगेत विंचू बसतो.

म्हणून आधी आपण काळी माती उकरून काढू. जोते अंगणापेक्षा उंच घेऊ. मुरूम घालू, पाणी शिंपडू, धुमसाने ठोकू. वर पांढऱ्या मातीत भुसा कालवून थर देऊ, चोपू आणि सारवू. भुई थंड राहते, खर्चही थोडा.

मोरीत मात्र फरशीच हवी. शहाबादी फरशी कर्नाटकातली. काळा दगड आपल्याच डोंगरातला.

एक विसरू नका बरं! शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला जखम असेल तर सारवू नये. बाळाच्या नाळेला शेण-माती लागू देऊ नये.